विग, टोप, गंगावन आणि फर घरी रंगवायचं म्हणता? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पोळा जवळ आला की नागपुरात आयांची एकच धावपळ सुरू होते, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला, लेकराला काय बनवायचं. त्याच्या मागोमाग महालक्ष्म्या, मग नवरात्र, शाळांची गॅदरिंग, आणि दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन. ह्या वेळी आलेल्या पत्रांत विग आणि फर रंगवण्याचेच प्रश्न इतके होते की पूर्ण सदर त्यालाच देऊन टाकलं. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम छापली नाहीत, फक्त कुठून विचारलंय ते लिहिलंय.

महालमधून एक आई विचारतात : ताई, मुलीला तान्ह्या पोळ्याला झाशीची राणी बनवायचंय. बर्डीच्या बाजारात लांब केसांचा काळा विग संपला होता म्हणून सोनेरी आणला, म्हटलं घरी रंगवून घेऊ. काळी मेंदी लावून दोन तास ठेवला, धुतला तर सगळं पाणी काळं, विग जसाच्या तसा सोनेरी आणि आतली जाळी मात्र काळी झाली. आता डायचं पाकीट आणून पाहू का?

नका आणू, पैसे जातील. यात तुमची चूक नाही, ती वस्तूच विगसाठी नाही. काळी मेंदी म्हणून जे पाकीट मिळतं त्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं आणि केसांच्या डायमध्येही तेच किंवा त्याचे भाऊबंद. त्याचे रेणू अगदी लहान असतात, ते केसाच्या आत शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे आतल्या आत त्यांचे मोठे रंगीत रेणू तयार होतात, मोठे झाले की बाहेर निघता येत नाही, म्हणून आपल्या डोक्यावर डाय टिकतो. साधी मेंदी असेल तर तिच्यातलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य केस ज्याचा बनतो त्या केराटिन प्रथिनाला धरून बसतं. म्हणजे काहीही घेतलं तरी खरा केस पाहिजे. विगचा धागा असतो प्लास्टिकचा, त्याला ना केराटिन ना खवले, रंग वरून वाहून जातो. आणि कोणी म्हणेल आधी ब्लीच करून घे मग रंग चढतो, तर तेही नाही होत, ब्लीच केसातलं मेलॅनिन, म्हणजे केसाचा नैसर्गिक रंग, खातं आणि विगमध्ये मेलॅनिन असतच नाही, तिथे रंग बहुतेक वेळा धागा बनतानाच आत मिसळलेला असतो.

आता जे सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं ते सांगते. कोणता रंग पाहिजे हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न धागा कशाचा आहे हा. विगमध्ये सहसा तीन-चार प्रकार येतात. एक मोडॲक्रिलिक, जपानच्या कानेका कंपनीने १९५७ मध्ये कानेकालॉन नावाने आणलेला धागा याच जातीचा, वेण्यांच्या एक्स्टेन्शनवर हे नाव अजूनही दिसतं. दुसरा पॉलिएस्टर, पाकिटावर हीट रेझिस्टंट लिहिलं असेल तर बहुधा हाच. तिसरा पीव्हीसी, खेळण्यातल्यासारखे चकचकीत स्वस्त विग असतात ते. आणि नायलॉन, जुन्या गंगावनांमध्ये सापडतो. फर म्हणजे बहुतेक ॲक्रिलिक नाहीतर मोडॲक्रिलिक, आजकाल पॉलिएस्टरचंही खूप येतं.

लेबल नसेल तर पाच-सहा तार कापून चिमट्यात धरा आणि गॅलरीत, खाली पाण्याची स्टीलची थाळी ठेवून, काडीने पेटवून पाहा, लेकरं जवळ नकोत. खरा केस आखडतो, केस जळल्याचा तो ओळखीचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. पॉलिएस्टर वितळतो, थेंब होतो आणि थंड झाला की कडक मणी. ॲक्रिलिक भराभर जळत जातो, ज्योत काढली तरी जळत राहतो, मागे काळी खडबडीत गाठ राहते. मोडॲक्रिलिक ज्योतीत जळतो पण ज्योत बाजूला घेतली की स्वतःच विझतो. पीव्हीसीही विझतो, पण त्याचा धूर नाकाला झोंबतो आणि तो घातक असतो, म्हणून विग खेळण्यातला वाटत असेल तर ही परीक्षा करूच नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर कमरेपर्यंतचा सोनेरी विग घरी काळाकुट्ट करणं मला परवडणारं वाटत नाही. पुढच्या उत्तरात सांगितलेली मार्करची शाई चालते, पण ती खूप लागते आणि जास्त शाई बसवली की ती मुलीच्या मानेला, कपड्याला लागते. राणी फेटा बांधणारच आहे ना, मग समोरचे केस दिसणारच नाहीत, एक काळं गंगावन घ्या, त्याची वेणी घाला आणि फेट्याच्या आतून पिनांनी पक्की करा. सोनेरी विग ठेवून द्या, गॅदरिंगला परी कोणीतरी होतंच.

धरमपेठेतून कॉलेजची एक मुलगी : मला कॉस्प्लेसाठी, म्हणजे आवडत्या पात्रासारखं सजण्यासाठी, पांढऱ्या विगची खालची अर्धी बाजू जांभळी करायचीय, वर पांढरं आणि खाली हळूहळू गडद होत जाणारं. मार्करच्या शाईने होतं असं ऐकलंय, खरंच होतं का आणि किती टिकतं?

होतं, आणि घरी करायच्या पद्धतींमध्ये मला हीच सगळ्यात भरवशाची वाटते, कारण यात उकळणं नाही, म्हणून विगचा आकार जात नाही. परमनंट मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळलेली असते, अल्कोहोल उडून गेलं की रंग धाग्यावर धरून राहतो आणि मग पाण्याने सहज निघत नाही. तुला जांभळा पाहिजे म्हणून रेझिन आर्टवाले वापरतात ती अल्कोहोल इंक घे, आर्ट मटेरियलच्या दुकानात छोट्या बाटल्या मिळतात. काळा, निळा, लाल, हिरवा पाहिजे असेल तर परमनंट मार्करची रिफिल शाई स्टेशनरीवाल्याकडे स्वस्तात मिळते. व्हाइटबोर्ड मार्करची शाई चुकूनही आणू नको, ती पुसून निघावी म्हणूनच बनवलेली असते. आणि काळी शाई पातळ केली की बऱ्याचदा जांभळट किंवा निळसर झाक देते, करडा रंग करणाऱ्यांनी आधी पाहून घ्यावं.

शाई पातळ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आयपीए म्हणून मागायचं, मोबाइल रिपेअरिंगवाले सर्किट साफ करायला तेच वापरतात. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन आणि जेल असतं, विग चिकट होऊन बसेल. प्रमाण पक्कं असं काही नाही, अल्कोहोल जास्त तर रंग फिका, शाई जास्त तर गडद, म्हणून तीन छोट्या स्प्रे बाटल्या कर, फिकी, मधली आणि गडद.

आधी विग थंड पाण्यात थोड्या शाम्पूने धुऊन पूर्ण वाळव, नव्या विगवर एक तेलकट थर असतो तो गेला पाहिजे. मग विग उलटा करून जाळीवर प्लास्टिकची पिशवी बांध म्हणजे मुळाशी रंग जाणार नाही. केसांच्या पातळ पातळ पट्ट्या घेऊन खाली पांढरा कागद ठेवायचा, फिक्या बाटलीने मध्यापासून खाली मारायचं, लगेच मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरायचं, ओलं आहे तोवर विंचरलं की रंग आत पोचतो आणि डाग पडत नाहीत. ते वाळलं की मधल्या बाटलीने थोडं खालून, मग गडद फक्त टोकांना. प्रत्येक थराच्या मधे वाळू दे, घाई केलीस तर खालचा थर पुन्हा विरघळतो आणि दोन रंगांची जी सीमा पुसट पाहिजे ती चिखलासारखी होते. सगळं झालं की एक दिवस तसंच ठेव, मग थंड पाण्यात पाणी स्वच्छ येईपर्यंत खंगाळ, शेवटच्या पाण्यात थोडं फॅब्रिक सॉफ्टनर.

टिकण्याचं म्हणशील तर पाण्याला टिकतं, घासण्याला आणि उन्हाला कमी. पांढऱ्या कपड्यावर घालणार असशील तर आधी ओला पांढरा रुमाल केसांवरून घट्ट ओढून पाहा, डाग आला तर अजून खंगाळ. आणि परफ्यूम किंवा हेअर स्प्रे विगवर मारू नको, त्यातही अल्कोहोल असतं, शाई परत सुटते.

आता जे सांगते ते नीट वाच. आयपीएची वाफ साधारण १२ अंशालाच पेट घेण्याइतकी होते, आणि नागपुरात १२ अंश म्हणजे कडाक्याच्या थंडीतली एखादी पहाट, म्हणजे आपल्याकडे ते जवळजवळ वर्षभर पेटायला तयारच असतं. काम गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत कर. स्वयंपाकघरात नाही, देवघराजवळ उदबत्ती लागलेली असताना नाही, गीझरचा गॅस जिथे पेटतो त्या मोरीत तर मुळीच नाही. हातमोजे घाल, मास्क घाल, आणि विग पूर्ण सुकेपर्यंत हेअर ड्रायर लावू नको.

नंदनवनहून, झाडीपट्टीत काम करणारे एक वाचक : नमस्कार ताई, मी नागपुरात राहतो पण सीझनला वडशाकडे नाटक कंपनीसोबत फिरतो, मेकअप आणि केसांच्या टोपांचं काम माझ्याकडे आहे. आमच्याजवळ काळे टोप भरपूर पडून आहेत, या वर्षी म्हाताऱ्यासाठी पांढरे आणि एका भूमिकेला तपकिरी लागून राहिले. रंगवाला म्हणते डिस्पर्स कलर घ्या अन् उकळा, एक जण म्हणते कुकरमध्ये लवकर होते. करावं का?

नमस्कार भाऊ. काळ्याचा पांढरा होणार नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. रंग फक्त फिक्याकडून गडदकडे जातो, पांढऱ्याचा तपकिरी होतो, तपकिरीचा काळा होतो, उलटं काहीच होत नाही. तुमच्या पडून असलेल्या टोपांपैकी एखादा खऱ्या केसांचा निघाला तर गोष्ट वेगळी, वर सांगितलेली तार जाळून पाहायची परीक्षा करा, खरा असेल तर त्याला केसांचं ब्लीच आणि डाय दोन्ही चालतं, फक्त जाळीच्या गाठींना ब्लीच लागू देऊ नका, गाठी कमजोर होऊन केस गळतात.

डिस्पर्स कलर हे खरंच पॉलिएस्टरचेच रंग आहेत, रंगवाल्याने चूक सांगितलं नाही. आपल्या प्लास्टिकच्या डब्याला हळद कशी बसते, कितीही घासा निघत नाही, कारण ती वरवर नसते, प्लास्टिकच्या आत गेलेली असते, डिस्पर्स रंगाचं काम तसंच आहे. रंगाचे बारीक कण पाण्यात नुसते पसरलेले असतात आणि धागा गरम होऊन सैल झाला की आत विरघळतात. पण पॉलिएस्टर सैल व्हायला उष्णता भरपूर लागते, कारखान्यात हे काम बंद भांड्यात दाबाखाली १३० अंशाच्या आसपास करतात. घरी उघड्या पातेल्यात १०० च्या वर जाता येत नाही, म्हणून फिके आणि मध्यम रंग होतात, गडद काळा नीट होत नाही.

कुकरचं ऐकून तुम्हालाही तेच वाटलं असेल की दाब आला म्हणजे काम झालं. कृपा करून करू नका. केस व्हॉल्व्हमध्ये अडकले तर वाफ कोंडते, आणि रंग लागलेल्या कुकरमध्ये पुन्हा कधीच अन्न शिजवता येत नाही.

उकळण्यात दुसरी अडचण टोपाची. मोडॲक्रिलिक धागा उकळत्या पाण्यात मऊ होतो, त्याचे कुरळे सुटतात, तो पिंजल्यासारखा होतो. पीव्हीसीचं तर विचारूच नका. आतली इलॅस्टिक ढिली पडते, जाळी आखडते, मग टोप डोक्यावर बसत नाही. म्हणून उकळायचंच असेल तर फक्त पॉलिएस्टरचा, सरळ केसांचा, फिका टोप घ्या, केस सैल वेणीत बांधा, जुनं मोठं स्टीलचं पातेलं याच कामाला वेगळं काढा, पाणी ८५ ते ९० अंशावर ठेवा म्हणजे बुडाशी बुडबुडे दिसतात पण खदखदत नाही, अर्धा-पाऊण तास लाकडी काडीने हळूहळू हलवा आणि मग पातेल्यातच थंड होऊ द्या. गरम टोप एकदम थंड पाण्यात टाकला की जशी घडी पडलेली असेल तशीच कायमची बसते. म्हणजे तुमच्या तपकिरी भूमिकेसाठी एक फिका सोनेरी टोप विकत घेऊन हे करता येईल.

म्हाताऱ्याचं मात्र मी रंगाने करणारच नाही. पांढऱ्या केसांच्या लडी विकत मिळतात, काळ्या टोपात कानशिलाच्या बाजूला, कपाळाच्या कडेला आणि भांगाजवळ त्या शिवून टाका, मग कंगव्याने मिसळा. माणूस पिकतो तोही बहुतेक कानशिलापासूनच, त्यामुळे सरसकट पांढऱ्या टोपापेक्षा हे जास्त खरं दिसतं. एका रात्रीपुरतं करायचं असेल तर पांढरा पॅनकेक मेकअप ओल्या टूथब्रशवर घेऊन वरवर फिरवा, सकाळी धुऊन निघतो. झाडीपट्टीत प्रयोग रात्रभर चालतो, घाम येतो, हे तुम्हीच मला शिकवाल, म्हणून कपाळाच्या अगदी काठावर पॅनकेक लावू नका, तिथे शिवलेल्या लडीच ठेवा.

आणि मंडपातल्या पिवळ्या लाइटखाली गडद तपकिरी टोप मागच्या रांगेतून काळाच दिसतो. तपकिरी वेगळा कळायला पाहिजे असेल तर डोळ्यांना जरा जास्तच फिका वाटेल असा करा आणि रंगवण्याआधी एक लड त्याच लाइटखाली धरून बघा.

रेशीमबागेतून एक शिक्षिका : शाळेच्या कार्यक्रमात वाघ आणि सिंह आहेत. माझ्याजवळ पांढऱ्या फरची जुनी सोफ्यावर टाकायची चादर आहे, तिची आयाळ आणि वाघाचे कपडे करायचेत. वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात कपड्यांचा रंग टाकून होईल का?

विदर्भातल्या शाळेत वाघ असणारच, तर तो चांगलाच झाला पाहिजे. मशीनमध्ये नका टाकू. कपड्यांचा जो साधा रंग मिळतो तो सुतासाठी असतो, सूत त्याला धरतं, ॲक्रिलिक धरत नाही. ॲक्रिलिकला धरणारे रंग वेगळे, त्यांना बेसिक किंवा कॅटायनिक म्हणतात, ते पाणी ८० अंशांच्या वर गेलं की एकदम झपाट्याने धाग्यात शिरायला लागतात, म्हणून कारखान्यात तापमान फार हळूहळू वाढवतात, घरी ते जमत नाही आणि पट्टे पडतात. त्यात गरम पाणी आणि मशीनचं फिरणं, फर जे एकमेकांत गुंतून गोळा होतं ते मग कशाने सुटत नाही.

फरसाठी मी फॅब्रिक कलर सांगेन, फेविक्रिलसारखे ॲक्रिलिकचे असतात ते, सोबत फॅब्रिक मीडियम आणि पाणी. रंग दुधाइतका पातळ करायचा. जाड लावला की केस काडीसारखे कडक होतात, सगळ्यात जास्त काम इथेच बिघडतं. फर आधी थंड पाण्याने ओलं करून पिळून घ्या, ओल्यावर रंग पसरतो. मग जुन्या रुंद ब्रशने किंवा स्प्रेने रंग लावायचा आणि लावला की लगेच विंचरायचं, त्यासाठी कुत्र्या-मांजरांना विंचरायचा बारीक तारांचा ब्रश मिळतो, पेट शॉपमध्ये, तो एक घ्याच, फरच्या कामात त्याच्याशिवाय हात अडतो. मुळापासून वर, एकदा केसांच्या दिशेने, एकदा उलटं. मग वाळत असताना दर थोड्या वेळाने परत विंचरा, अगदी पूर्ण कोरडं होईपर्यंत. पावसाळी दमट दिवस असेल तर फॅनखाली रात्रभर लागते. हेअर ड्रायर लावलाच तर थंड हवेवर, गरम हवेने ॲक्रिलिकची टोकं आखडून चरचरीत होतात आणि ती परत मऊ होत नाहीत, कापावीच लागतात.

सिंहाला एकच पिवळा रंग लावू नका, तो मग खेळण्यातला दिसतो. आधी सगळ्या आयाळीला पिवळसर मातकट रंग, वाळला की मुळाशी आणि मानेच्या मागे तपकिरी, आणि टोकांना कुठे कुठे अगदी थोडा काळपट, स्पंजाने नुसता टेकवायचा. वाघाला आधी सगळीकडे नारिंगी, पोटाकडचा भाग पांढराच राहू द्या, तो पूर्ण वाळल्यावर खडूने पट्ट्यांच्या रेषा काढून घ्या आणि पट्टे घट्ट रंगाने लहान ब्रशने, केसांच्या दिशेने. नारिंगी ओला असताना काळा लावला तर तो पसरतो आणि वाघाचा अस्वल होतो. अंगावरचे पट्टे वरून खाली जातात, दोन्ही बाजूंचे तंतोतंत सारखे नसतात, कपाळावर आणि गालावर बारीक, मुलांना ताडोबाच्या वाघाचे फोटो दाखवून त्यांच्याकडूनच काढून घ्या, त्यांना आवडेल.

कापताना फर उलटं करून मागच्या कापडावरून ब्लेडने कापा, कात्रीने वरून कापलं तर केसही कापले जातात आणि कडा बोडक्या दिसतात. मागचं कापड रंगात भिजवू नका, बऱ्याच फरला मागे गोंदाचा थर असतो, तो सुटला की केस गळायला लागतात.

सक्करदऱ्यातून एक काकू : आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, सासूबाईंच्या काळापासूनचे मुखवटे आहेत. त्यांची गंगावनं आता तांबूस आणि राठ झालीत. सूनबाई म्हणते नवीन घेऊ, पण माझं मन होत नाही. काळी करता येतील का?

काकू, मन होत नाही हे अगदी समजतं, आणि बहुतेक नवीन घ्यायची गरजही पडणार नाही. इतक्या वर्षांचं गंगावन तांबूस दिसतं त्यात निम्मा भाग धुळीचा, उदबत्तीच्या धुराचा आणि कधीकाळी हौसेने लावलेल्या तेलाचा असतो. आधी गार पाण्यात थोडा शाम्पू घालून अर्धा तास भिजवा, चोळू नका, वरून खाली हात फिरवा, दोन-तीन पाण्यांतून काढा आणि सावलीत टांगा. गुंता टोकाकडून सोडवत वर या. बऱ्याच वेळा एवढ्यानेच काळं दिसायला लागतं. आणि यापुढे तेल नको, कृत्रिम केसाला तेल आत जात नाही, नुसती धूळ धरतं.

त्यानंतरही तांबूस वाटलं तर एक तार जाळून पाहा. खऱ्या केसांचं असेल तर आपला नेहमीचा काळा डाय पाकिटावर लिहिल्याप्रमाणे लावा, छान चढेल. नायलॉनचं असेल तरीही घाबरू नका, नायलॉन हा कृत्रिम धाग्यांमध्ये घरी रंगवायला सगळ्यात सोपा, लोकर आणि रेशमाला जे ॲसिड रंग चालतात तेच त्याला चालतात. पाण्यात रंग आणि थोडं पांढरं व्हिनेगर, ८० अंशाच्या आसपास, अर्धा तास. जुन्या नायलॉनला त्याहून जास्त तापवू नका. मोडॲक्रिलिक निघालं तर उकळणं नाही, वर धरमपेठेच्या मुलीला सांगितली ती काळ्या शाईची पद्धत करा, मुखवट्याचे केस कोणाच्या अंगाला घासत नाहीत त्यामुळे रंग सुटायची भीती इथे कमी. फक्त मुखवटा बाजूला ठेवून, केस वेगळे करून रंगवा, पितळेवर किंवा मुखवट्याच्या रंगावर अल्कोहोल उडालं तर तिथला रंग उतरू शकतो.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. महालक्ष्म्यांसमोर समया असतात, आरती होते, आणि कृत्रिम केस आणि फर दोन्ही लवकर पेट घेऊ शकतात, वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. समई केसांपासून आणि पदरापासून हातभर लांब ठेवा, आणि शाईने रंगवलेलं गंगावन निदान दोन दिवस हवेवर सुकल्याशिवाय बसवू नका.

मानेवाड्याहून एक वडील : रामनवमीच्या शोभायात्रेत मुलगा हनुमान झाला होता, रंगवलेला विग आणि फर घातलं होतं, घामाने मान लाल झाली आणि खाज आली. रंग इतवारीतून सुटा आणला होता. पुढच्या वेळी काय करावं?

आधी मुलाचं, खाज अजून असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि रंगाचं पाकीट किंवा पुडी सोबत न्या. काही डिस्पर्स रंग, खासकरून गडद निळे, घामाने सुटून त्वचेला ॲलर्जी करतात हे वैद्यकात माहीत असलेलं आहे, आणि पीपीडीचंही तसंच, एकदा त्याची ॲलर्जी झाली की पुढे मोठेपणी केसांचा डायही लावता येत नाही. सुट्या पुडीत नेमका कोणता रंग आहे ते कळत नाही. चमकदार गुलाबी, हिरव्या, पिवळ्या पुड्यांमध्ये रोडामाइन, मॅलाकाइट ग्रीन, ऑरामाइन असे रंग असू शकतात, ते ॲक्रिलिकला सुंदर चढतात हे खरं आहे पण लेकराच्या अंगाला लावायचे ते नाहीत. ज्याच्यावर नाव, कंपनी आणि वापर लिहिलाय तोच रंग घ्या.

रामनवमी म्हणजे नागपूरचं ऊन आधीच चढलेलं, त्यात फर म्हणजे लेकरू आत शिजून निघतं. विगखाली सुती टोपी घाला, फरला आतून धुतलेल्या जुन्या सुती धोतराचं अस्तर लावा म्हणजे रंग आणि कातडी यांचा संबंधच येणार नाही, आणि घालण्याआधी ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहा, रुमालाला रंग लागला तर तो विग मुलाला घालायचा नाही, मग कार्यक्रम उद्या असला तरी नाही. हनुमानाला सगळ्या अंगाला फर कशाला, खांद्यावर, मनगटाला आणि शेपटीला पुरतं. अर्ध्या-अर्ध्या तासाने विग काढून पाणी पाजा.

थोडक्यात विचारलेले प्रश्न

*पिवळ्या विगवर निळा मारला तर?* हिरवा येतो. खालचा रंग नेहमी मिसळतो, तो झाकला जात नाही. सोनेरीवर जांभळा मारला तर मातकट तपकिरी येईल. पांढरा आणि चंदेरी विग सगळ्यात बरा, हवा तो रंग येतो. *(गोकुळपेठ)*

*रंगाचं पाणी कुठे टाकायचं?* डिस्पर्स किंवा ॲसिड रंगाचं थंड झालेलं थोडंसं पाणी भरपूर साध्या पाण्यासोबत मोरीत चालतं. झाडांना घालू नका, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. उरलेली अल्कोहोलची शाई मोरीत ओतायची नाही, घट्ट झाकणाच्या बाटलीत लेबल लावून ठेवा आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. *(सदर)*

*इस्त्रीने किंवा स्ट्रेटनरने रंग पक्का होतो का?* शाईचा होत नाही. फॅब्रिक कलर कापडावर इस्त्रीने पक्का करतात पण फरवर इस्त्री म्हणजे फर गेलं. फक्त हीट रेझिस्टंट विगवर स्ट्रेटनर चालतो, तोही पाकिटावर जेवढं तापमान लिहिलंय तेवढाच. *(प्रतापनगर)*

*रंगवलेला विग वर्षभर कसा ठेवायचा?* पूर्ण कोरडा करून, विंचरून, सैल वेणी घालून, आतल्या टोपीत कागदाचा बोळा भरून सुती पिशवीत. छापील वर्तमानपत्राचा बोळा नको, पांढऱ्या विगला शाई लागते. उन्हाच्या खिडकीत नको, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत तर नकोच, तिथल्या उष्णतेत पेटीत दाबून ठेवलेल्या विगला जी घडी पडते ती सहजी जात नाही. पडलीच असेल तर कानेकालॉनसारख्या धाग्याचा विग स्टँडवर लावून वाफेच्या हलक्या झोताने, वीतभर अंतरावरून, विंचरत विंचरत सरळ करता येतो, आणि थंड होईपर्यंत हाताने धरून ठेवायचा. शाईने रंगवलेल्या विगला वाफ देताना खाली पांढरं फडकं ठेवा, रंग सुटतोय का ते त्यावर लगेच दिसतं. *(मेडिकल चौक)*